अजून हाड ठेवलेलं नाही

झूराकानच्या दातानं पहिल्यांदा तोंड उघडलं ते जूनमधल्या एका लग्नाच्या मेजवानीत. भर मैफलीत, शंभर माणसांसमोर.

कोमुझ वाजवणाऱ्या बाईला दात म्हणजे काय, हे ज्यांनी वाजवलंय त्यांनाच ठाऊक. तारांचा नव्हे, हा तोंडाचा कोमुझ: मोरचंगासारखं बोटभर लांबीचं लोखंडी वाद्य. चौकट पुढच्या दातांना टेकवायची, मधली पात बोटानं छेडायची, आणि मग जो काही सूर घुमतो तो दातांतून हाडात, हाडातून कवटीत. दात पक्का असेल तर वाद्य गातं. त्या दिवशी ते गाण्याऐवजी खटखटलं. डावीकडचा वरचा दात चौकटीखाली हलत होता. खाण्यात दंग असलेल्या पाहुण्यांना काही कळलं नाही. शेजारच्या स्टुलावरच्या बुरुलला कळलं. आणि बुरुलला कळलंय हे झूराकानला कळलं, तिथून सगळं सुरू झालं.

नारीन गावातल्या बायकांच्या वाद्यवृंदात पहिलं स्टूल झूराकानचं, दुसरं बुरुलचं. बुरुल वयानं लहान, वागायला गोड, आणि झूराकानच्या मते आतल्या गाठीची. एवढी वर्षं दुसऱ्या स्टुलावर बसून जी बाई एकदाही कुरकुरत नाही, तिच्या पोटात काय असेल ते देवच जाणे!

मेजवानी उरकल्यावर तीच हळूच जवळ आली, मोठ्या बहिणीला म्हणावं तसं 'एजे' म्हणत. "एजे, दात हलतोय ना?"

"कुणाचा?"

"अहो, तुमचाच. माझ्या बहिणीचा मुलगा, मिर्लान, बिश्केकहून शिकून आलाय. हिरड्यांचं करतो. झिजलेलं हाड परत आणतो म्हणे. दाखवून तर या."

"हाड वासराचं वाढतं, बुरुल. अठ्ठावन्न वर्षांच्या म्हातारीचं नाही वाढत."

"दाखवायला काय जातंय?"

हेच तर! काय जातंय म्हणून एवढा कळवळा? झूराकानच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

तरी ती गेली. जाईल नाही तर काय करील? हिवाळ्याआधी राजधानीत, बिश्केकला, मोठी मैफल होती, आणि दुसरं म्हणजे शारिपा. शारिपा तिची थोरली बहीण. घाटापलीकडे अत-बाशीला असायची, हृदयाच्या दुखण्यानं सगळा उन्हाळा अंथरुणावर. आई लवकर गेली तेव्हा झूराकानला वाढवलं तिनं, कोमुझ हातात दिला तिनं. दर शुक्रवारी फोन करायची आणि म्हणायची, "बाकीचं राहू दे, वाजव." झूराकान फोन गालाशी धरून वाजवायची. पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा.

मिर्लान दिसायला पोरगेलासा, हात मात्र म्हाताऱ्या सोनारासारखे सावकाश. त्यानं एक बारीक सळई दात आणि हिरडीच्या मध्ये सरकवली. ती आत गेली, गेली, जातच राहिली. तो आकडे सांगत होता, नर्स लिहून घेत होती. मग त्यानं एक्स-रे उजेडासमोर धरला.

"एजे, हे बघा. दाताच्या या अंगाला हाड झिजून विहीर पडलीय. पण नशीब चांगलं. तीन बाजूंच्या भिंती उभ्या आहेत, एकच ढासळलीय. मेंढवाड्याच्या तीन भिंती शाबूत असल्या की चौथी बांधता येते ना, तसं. हिरडी उघडून आत साफ करायचं आणि मग तिथं हाड ठेवायचं."

झूराकान ताडकन खुर्चीतून उठली. "काय म्हणालास?"

आता आमच्याकडे 'हाड ठेवणं' म्हणजे एकच. माणूस मातीत ठेवणं. 'अमक्याचं हाड ठेवलं का?' असं विचारलं की मयत झाली का, एवढाच अर्थ. जिवंत बाईला तोंडावर असं कुणी म्हणत नाही.

मिर्लान कानापर्यंत लाल झाला. "नाही हो एजे, तसं नाही! हाडाचे बारीक दाणे ठेवायचे. आम्हा डॉक्टरांची बोलायची रीत आहे ती. माफ करा."

"कसले दाणे? कुठल्या जनावराचे?"

"गाईचे. भट्टीत घालून पार शुद्ध केलेले. आणि दाण्यांवर घालायचा पडदासुद्धा गाईच्याच कातडीपासून केलेला मागवलाय. डुकराचाही मिळतो, तो आपल्या लोकांसाठी मी ठेवतच नाही." तिनं न विचारताच त्यानं हे सांगितलं. न विचारता कशाला सांगितलं, हाही विचार तिनं घरी जाईपर्यंत केला.

शस्त्रक्रिया मात्र त्यानं मन लावून केली, हे तिलाही नाकारता आलं नाही. डोळ्यांवर दुर्बिणीसारखा चष्मा. दोन दातांच्या मधे हिरडीचा जो इवलासा त्रिकोण असतो, तो त्यानं फाडला नाही. मागच्या अंगानं चीर देऊन अख्खाच्या अख्खा उचलला, कारण तो एकदा फाटला की झाकणच गेलं, असं तो नर्सला सांगत होता. मग मुळावरचं किटण खरवडण्याचा आवाज. तोंड बधिर होतं, पण आवाज थेट कवटीत येत होता. कोमुझ वाजावा तसा. मग तिच्याच रक्तात भिजवलेले दाणे त्या विहिरीत भरले, वर पडदा, आणि केसाहून बारीक धाग्यानं टाके.

"आता ऐका एजे," तो हातमोजे काढत म्हणाला, "आत रक्ताची जी गुठळी धरलीय तीच सगळं करणार. ती हलली की संपलं. त्या बाजूनं ब्रश नाही, जीभ लावायची नाही, बोट लावायचं नाही. आणि कोमुझ तर नाहीच नाही."

"कधीपर्यंत?"

"मी सांगेपर्यंत."

घरी नवरा दुइशॉन वाटच बघत होता. आयुष्यभर मालमोटार चालवलेला माणूस, जीभ कधी गिअरमधून काढली नाही. "काय गं, गेल्या वर्षी मेजवानीत मानाचं हाड तुझ्या ताटात आलं नाही म्हणून आठवडाभर फुगून बसली होतीस. आता डॉक्टरनं थेट तोंडात वाढलं. तेही गाईचं! झालं समाधान?"

हसता येत नव्हतं म्हणून झूराकाननं उशी फेकून मारली.

शुक्रवारी शारिपाचा फोन आला. "वाजव."

"नाही वाजवता येत, आपा. डॉक्टरनं बंदी घातलीय."

"मग दात वाचव आधी. मी काय, थांबते. पक्का झाला की पहिल्यांदा मला ऐकव, कळलं? त्या बिश्केकवाल्यांना नंतर."

"तुलाच आधी. शपथ."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण घरात बसलेल्या बाईचं डोकं स्वस्थ कुठं बसतं? वाद्यवृंदाच्या सरावाला बुरुल पहिल्या स्टुलावर बसायला लागली. "फक्त तुम्ही येईपर्यंत," म्हणाली. साळसूद! म्हणजे बुरुलनं सांगितलं म्हणून डॉक्टरकडे गेले, डॉक्टर बुरुलचा भाचा, भाच्यानं सांगितलं वाजवू नका, आणि स्टुलावर बसली कोण? बुरुल! झूराकान हे गणित पुन्हा पुन्हा मांडायची आणि दर वेळी उत्तर तेच यायचं.

एकदा तिनं दुइशॉनला बोलून दाखवलं.

"तुला आपल्या सावलीचाही संशय येतो," तो म्हणाला. "दात घट्ट वाटतोय का?"

"वाटतोय."

"मग?"

"वाटतोय, पण कशावरून? आत काही घातलंच नसेल तर? नुसतं कापलं आणि शिवलं, सूज आहे तोवर घट्ट वाटणारच. सूज उतरली की हलेल, तोवर मैफल होऊन गेलेली असेल."

दुइशॉननं कपाळावर हात मारला आणि चहा ओतून घेतला.

टाके काढायच्या दिवशी मात्र सकाळपासून काहीतरी बिनसलेलं होतं. दुइशॉन पहाटेच कुणाच्या तरी फोनवर अंगणात गेला आणि आला तो गप्प. हा माणूस गप्प! न्याहारीला एक विनोद नाही. तिचा फोन उचलून म्हणाला, "चार्जिंगला लावतो," आणि खिशात घालून बाहेर गेला. चार्जिंग काय खिशात होतं? बाहेर जीपचं बॉनेट उघडून बसलेला. "कुठं निघालायस?" विचारलं तर, "कुठं नाही, उगाच तपासतोय," म्हणाला, आणि तिच्याकडे बघितलंच नाही.

कुठंतरी पाणी मुरत होतं.

दवाखान्यात ती वेळेआधीच पोचली. बाहेर कुणी नव्हतं. ती बाकावर टेकणार, तोच आतून बुरुलचा आवाज आला. दार अर्धवट उघडं होतं.

"हाड अजून ठेवलेलं नाही," बुरुल म्हणत होती. "आत्ता तिला यातलं काही कळता कामा नये, मिर्लान."

"कळलं तर त्या किती आरडाओरडा करतील, तुला माहितीय मावशी. सगळं उसवेल. मी आज टाके काढतच नाही."

"तसंच कर. दुइशॉनला मी पहाटेच सांगून ठेवलंय."

 झूराकान भिंतीला टेकली. हाड ठेवलेलंच नाही! इतके दिवस ज्याला ती आपलाच वेडा संशय म्हणून दाबत होती, ते सगळं खरं निघालं. आणि दुइशॉन? इतक्या वर्षांचा नवरा, तोही त्यांना सामील? तिला रडू येईल असं वाटलं, पण आला तो संताप.

बुरुल बाहेर आली. झूराकानला बघून दचकली. डोळे लाल होते तिचे. आणि मग या बाईनं, जिनं आजवर हस्तांदोलनापलीकडे कधी काही केलं नव्हतं, झूराकानला घट्ट मिठी मारली. "एजे... तब्येत जपा हं," एवढं पुटपुटून निघून गेली.

चोराच्या डोळ्यांत पाणी! झूराकाननं मनातल्या मनात तिला जी काही शिवी दिली ती इथं लिहिण्यासारखी नाही.

आत मिर्लाननं बॅटरी धरून तोंडात बघितलं. "छान आहे. हिरडी गुलाबी आहे. टाके आज राहू देत."

"आज काढणार होतास."

"राहू देत अजून थोडे दिवस."

"मग ती सळई घाल की. पहिल्या दिवशी खुपसून खुपसून आकडे काढलेस ना? घाल आता. बघू दे विहीर भरली का."

"एजे, आता सळई घालायची नाही. सहा महिने तरी नाही. घातली की आतलं कोवळं सगळं तुटतं. बघायला गेलं की जातं, असंच आहे हे. विश्वास ठेवा."

"तपासायचं नाही आणि विश्वास ठेवायचा."

"हो." तो हात धूत राहिला. तिच्याकडे पाठ करूनच म्हणाला, "आणि एजे, काहीही झालं, अगदी काहीही, तरी तोंड मोठं उघडायचं नाही. ओरडायचं नाही. रडू आलं तर ओठ मिटून रडा."

"मी कशाला रडेन?"

 त्यानं नळ उगाच वाहू दिला.

आता सांगा, कुणाला संशय आला नसता?

घरी आली तेव्हा दुइशॉन पेट्रोल भरायला गेला होता. फोनही त्याच्याबरोबर. घरात चिटपाखरू नाही. झूराकाननं त्याचा दाढीचा आरसा खिडकीत उभा केला, लोकरीचा नमदा शिवायची लांब सुई घेतली, उकळत्या पाण्यात बुडवली. नखं कापायची छोटी कात्रीही घेतली.  शारिपाची आठवण झाली. आपा असती तर म्हणाली असती, बस खाली, चहा पी, मग काय ते कर. फोन असता तर केलाही असता.

फक्त बघायचं, असं तिनं ठरवलं. सुई आत गेली, गेली, जातच राहिली, तर आत विहीर आहे आणि पोरगा लबाड आहे. मग हाच आरसा आणि हीच सुई घेऊन थेट बुरुलच्या दारात.

तिनं एक टाका कापला. सुईचं टोक हिरडी आणि दाताच्या फटीत घातलं आणि दाबलं.

सुई अडली.

काहीतरी करकरीत होतं. खडीसाखरेच्या चुऱ्यावर सुई टेकवावी तसं. इथंच ती थांबली असती तर! पण संशय एकदा हातात सुई देऊन बसला की माणूस थांबतो होय? टाक्याची गाठ असेल, ती म्हणाली. अन्नाचा कण अडकला असेल. तिनं सुई तिरकी केली, जोर दिला आणि उचकटली. आत काहीतरी सुटलं. दुखलं थोडंच, पण रक्ताची गरम धार जिभेवर आली. ती ओंजळीत थुंकली.

लाल रक्तात पांढरे दाणे होते. रव्यासारखे, अगदी बारीक. तिनं बोटानं एक दाणा चिरडून पाहिला. चिरडला जाईना. खिडकीच्या उजेडात धरला. हाड होतं. हिरडीचा तो इवला त्रिकोण, जो पोरानं श्वास रोखून अख्खा उचलला होता, आरशात दुभंगून लोंबत होता. जीभ लावली तर दात हलला. जूनमध्ये हलायचा तसाच.

त्यानं ठेवलं होतं. जसं सांगितलं तसं, सगळं ठेवलं होतं. मग बुरुल असं का म्हणाली?

अंगणात गाड्या थांबल्याचा आवाज आला. एक नाही, दोन. झूराकाननं मूठ मिटली.

दार उघडून अत-बाशीचे दोन म्हातारे आत आले, शारिपाचे दीर. त्यांच्यामागे बुरुल, शेवटी दुइशॉन. कुणी बूट काढले नाहीत, कुणी आत सरकून बसलं नाही. थोरल्या दिरानं कापडी टोपी हातात घेतली होती. तो हवेबद्दल बोलला, घाटातल्या रस्त्याबद्दल बोलला, यंदाच्या गवताबद्दल बोलला. आमच्याकडे मरणाची बातमी तोंडावर फेकत नाहीत. नात्यातले वडीलधारे घरी येतात, आजूबाजूनं बोलत बोलत जवळ जातात, तोवर त्या माणसाला कुणी काही कळू देत नाही. सगळं गाव जाणतं आणि सगळं गाव गप्प बसतं. झूराकाननं स्वतः किती घरी जाऊन हे केलं होतं. पहिल्या वाक्यालाच तिला कळलं. पण म्हातारा थांबला नाही, थांबता येत नाही.

"झूराकान, घट्ट राहा," तो शेवटी म्हणाला. "शारिपा गेली. आज पहाटे, झोपेतच."

खिशातला फोन. जीपचं बॉनेट. बुरुलचे लाल डोळे, ती मिठी. ओठ मिटून रडा. एकेक गोष्ट येऊन आपल्या जागी बसली. जूनमध्ये डॉक्टरच्या बोलण्यात तिनं मयत ऐकली होती, आणि आज मयतीच्या बोलण्यात डॉक्टर.

"हाड..." ती म्हणाली. ओठांच्या कोपऱ्यातून रक्त ओघळलं. "हाड ठेवलं होतं गं."

"नाही गं, नाही," बुरुल धावत आली आणि तिचे खांदे धरले. पहिल्यांदाच ती झूराकानला अगं-तुगं करत होती आणि तिला त्याचं भानही नव्हतं. "अजून नाही ठेवलं. तुझ्यासाठी थांबलेत सगळे. तुला थेट कळू नये म्हणून पहाटे त्यांनी मलाच फोन केला, तेव्हाच मी त्यांना सांगितलं, तू पोचल्याशिवाय शारिपा आपाचं हाड ठेवायचं नाही. आणि हे बघ, तू तोंड उघडायचं नाहीस. मी सकाळीच मिर्लानला विचारून आलेय. तू नुसती माझ्याशेजारी बस. तुझ्या वाटचा आक्रोश मी करते. तुझा दात..."

आणि मग तिला रक्त दिसलं. "हे काय? अगं, हे काय झालं?"

झूराकाननं मूठ उघडली.

बुरुल त्या पांढऱ्या दाण्यांकडे बघत राहिली. मग खिडकीतल्या आरशाकडे, कात्रीकडे, सुईकडे. तिला समजावून सांगायची गरज पडली नाही. ती रागावली नाही. तिनं झूराकानची बोटं एकेक करून पुन्हा मिटली आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली.

"तिला वाजवून दाखवायचं राहिलं, बुरुल," झूराकान म्हणाली. "शपथ घेतली होती."

जीप घाटाला लागली. शारिपाच्या अंगणात तंबू उभारला होता आणि आत भिंतीकडे तोंड करून बायका रीतीप्रमाणे मोठ्यानं आक्रोश करत बसल्या होत्या. बुरुलनं सवयीनं तिला दंडाला धरून आत नेलं, जागा करून दिली आणि स्वतः तिच्या वाटचा आक्रोश सुरू करण्यासाठी श्वास घेतला.

झूराकाननं तिच्या हातावर हात ठेवून तिला थांबवलं. मग तिनं तोंड पुरतं उघडलं आणि बहिणीसाठी हंबरडा फोडला. आता जपायचं असं तिथं काही उरलं नव्हतं.